दुसऱ्या खुर्चीवरचा ओबो

मी ऑर्केस्ट्रात दुसरा ओबो वाजवते. एवढं सांगितलं की समोरच्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात: ओबो म्हणजे नेमकं काय, आणि दुसरा का? पहिला प्रश्न लोक विचारतात. दुसरा सभ्यपणे गिळून टाकतात.

पहिल्याचं उत्तर पटकन देता येतं. दोन पात्यांच्या रीडवर वाजणारं, सनईच्या कुळातलं लाकडी वाद्य. सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या राजदरबारातल्या वादक-कारागिरांनी उघड्यावर वाजणाऱ्या शॉम या जुन्या कर्कश वाद्याला दिवाणखान्यात बसता येईल असं वळण लावलं. त्यांत ऑतेतेर आणि फिलिदोर ही घराणी आघाडीवर होती. आजच्या ओबोची नळी बहुधा आफ्रिकी ब्लॅकवुडची असते आणि तिच्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या चाव्यांचं दाट जाळं असतं. कार्यक्रमाआधी सगळा ऑर्केस्ट्रा ज्या एका 'ए'वर सूर जुळवतो तो ओबोचा, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण तो ए देतो पहिला ओबो. मी तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसून तो ऐकत असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे आणि शिक्षणापासून सुरुवात केल्याशिवाय ते देता येत नाही.

फुंकून वाजवायच्या वाद्यांत दम पुरत नाही, ही सगळ्यांची तक्रार. ओबोचं उलटं असतं. रीडच्या दोन पात्यांमधली फट इतकी चिंचोळी की छातीतली हवा संपतच नाही, संपतो तो तिच्यातला प्राणवायू. लांबलचक ओळ वाजवून होते तेव्हा फुप्फुसं शिळ्या हवेने गच्च भरलेली असतात. ताजी आत घ्यायची तर आधी ही बाहेर टाकायला हवी आणि संगीतकाराने मध्ये दिलेली जागा एकाच कामापुरती असते. म्हणून आम्ही श्वासाची वाटणी करतो. इथे नुसता सोडायचा, चार मात्रांनंतर घ्यायचा. स्वरलिपीवर पेन्सिलीने दोन वेगळ्या खुणा केलेल्या असतात. आमच्या सरांचा सगळा भर श्वास सोडण्यावर होता. घेता कोणालाही येतो, असं ते म्हणत. बाखच्या कँटाटांमधल्या, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनांमधल्या, ओबोच्या ओळी वाजवताना मला नेहमी वाटतं की या माणसाने वादकाला नाक-तोंड असतं हे गृहीतच धरलेलं नाही.

सुरुवातीच्या काळातल्या आवाजाबद्दल फार लिहीत नाही. घरच्यांनी दारं लावून घेतली आणि ते बरोबरच होतं. मग येतात लांब सूर. एकच स्वर अगदी हळू सुरू करायचा, फुलवायचा, परत विझवत न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण हवेचा दाब वाढला की सूर चढतो आणि कमी झाला की उतरतो, त्यामुळे पूर्ण वेळ ओठांनी त्याला जागेवर धरून ठेवावं लागतं. ते ओठही दातांवरून आत वळवलेले असतात आणि थोड्याच वेळात थकतात. पियानो शिकणारी मैत्रीण दिवसाला पाच तास रियाज करते म्हणून आपणही करावा असं ओबोच्या विद्यार्थ्याला वाटतं, पण ओठ तेवढी मुभा देत नाहीत. बारेचं ओबो शिकण्याचं पुस्तक झालं की फर्लिंगचे ४८ अभ्यास येतात, एक संथ आणि एक जलद अशा जोड्यांनी, सगळ्या पट्ट्यांत फिरवून आणणारे. जगात कुठेही ओबो शिकलेल्या माणसाला त्यातला एखादा गुणगुणून दाखवा, तो पुढची ओळ म्हणेल आणि वर चेहराही वाकडा करेल.

हे सगळं वाजवण्याचं शिक्षण झालं. खरं शिक्षण चाकू हातात येतो तेव्हा सुरू होतं.

पहिली काही वर्षं रीड्स शिक्षक करून देतात किंवा विकत मिळतात. पुढे त्यावर भागत नाही, कारण तुमच्या ओठांना, दातांच्या ठेवणीला आणि श्वासाच्या जोराला बसेल अशी रीड दुसरा कोणी करू शकत नाही. कच्चा माल म्हणजे केन. हे देवनळाच्या जातीचं उंच, पोकळ गवत. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातलं केन सगळ्यात नावाजलेलं. ओबोला जेमतेम दहा-अकरा मिलिमीटर व्यासाची नळी लागते. ती उभी तीन भागांत फोडायची, सरळ असेल तेवढीच ठेवायची. उरलेलं फेकायचं आणि फेकायचं पुष्कळ असतं. मग ती फाक एका यंत्रावर आतून तासायची, मधोमध जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत. भिजवायची, मधून दुमडायची, साच्यात धरून दोन्ही कडा कापायच्या. बुडाला बूच लावलेली ४७ मिलिमीटरची धातूची नळी असते, तिला स्टेपल म्हणतात. तिच्यावर ती दुमडलेली फाक दोऱ्याने आवळून बांधायची. एवढं झालं की दुमड कापून टाकायची. आता हातात दोन पाती आहेत, पण त्यातून अजून आवाज निघत नाही.

आवाज निघतो तो खरवडण्यातून. दोन पात्यांमध्ये धातूची पातळ चकती सरकवायची आणि धारदार चाकूने साल, मग सालीखालचा थर, काढत जायचं. टोक सगळ्यात पातळ, त्यामागे थोडा जाड गाभा. अमेरिकी पद्धतीत खरवड पार खालपर्यंत नेतात आणि मधोमध एक कणा राखतात. युरोपात ती बहुधा टोकाजवळच आटोपते. इथली मापं शंभरांश मिलिमीटरची, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाहीत. मग कानावर विसंबायचं. ओबोला न लावता रीड नुसती तोंडात धरून फुंकली की कावळ्यासारखी कावकाव येते. त्या कावकावीत एकाच स्वराची दोन-तीन सप्तकं एकदम ऐकू आली तर काम जमत आलंय. नुसता पिरपिरा आवाज आला तर टोकाशी काहीतरी जास्त गेलंय. आणि जे गेलं ते गेलं. केन परत चिकटवता येत नाही. ठीकठाक वाजणारी रीड आणखी थोडी सुधारावी म्हणून चाकूचा एक हात मारायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे प्रत्येक ओबोवाल्याला पाठ असतं आणि तरी प्रत्येक जण तो हात मारतोच.

बरं, झाली चांगली, तरी तिचं आयुष्य किती? दहा-पंधरा तासांचं वाजवणं. पहिल्या दिवशी ती बंडखोर असते. रात्रभर वाळली की वेगळीच वागते. तीन-चार दिवसांनी रुळते आणि रुळली म्हणेपर्यंत तिचा दम जायला लागतो. हवा दमट झाली की फट वाढते, कोरडी झाली की मिटते. उंचावरच्या गावी हवेचा दाब कमी, त्यामुळे दौऱ्यावर निघताना आपल्या गावी मस्त वाजणारी रीड तिथे पोचेपर्यंत लाकडाचा तुकडा झालेली असते. म्हणून डब्यात वेगवेगळ्या वयाच्या रीड्स कायम लागतात. कार्यक्रमाच्या आठवड्यात कोणती कधी पिकेल याचा हिशेब चालूच असतो. माझ्या कामाचे तास मोजले तर चाकूचे तास ओबोच्या तासांपेक्षा जास्त भरतील. ते प्रेक्षकांना दिसत नाहीत आणि त्यांचे वेगळे पैसेही मिळत नाहीत.

आणि माझी दुसरी खुर्ची ठरली ती इथेच, चाकूपाशी.

पहिल्या ओबोला वरच्या सुरांत गायची रीड लागते. एकट्याने पुढे येऊन, सगळ्या व्हायोलिनींच्या वरून पलीकडे पोचेल अशी. दुसऱ्या ओबोचं काम बहुधा खाली असतं, मधल्या सी च्याही खालच्या बी-फ्लॅटपर्यंत. ओबोचे हे तळाचे स्वर म्हणजे मुलखाचे हट्टी. जोरात वाजवा, हवे तेवढे निघतील. पण स्वरलिपीत लिहिलेलं असतं 'अगदी हळू' आणि सुरुवातही शांततेतून करायची असते. तिथे चुकीची रीड असेल तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम बदकाची आरोळी. तळाशी हळूच बोलणारी रीड वरच्या सुरांत जरा दुबळी पडते. दोन्ही गोष्टी एकाच रीडमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. माझ्या हाताला, का कोण जाणे, खालच्या सुरांच्या रीड्स पहिल्यापासून येत गेल्या. सरांनी ते माझ्या आधी ओळखलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. त्या वयात सगळ्यांनाच ब्राम्सचा व्हायोलिन कंचेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, डोळ्यांपुढे असतो. १८७८ सालच्या त्या रचनेत मधला संथ भाग ओबोच्या एका लांब, सुंदर गतीने सुरू होतो. व्हायोलिनचा नायक तेवढा वेळ नुसता उभा. सारासाते या नामांकित व्हायोलिनवादकाला ते पटेना, असं सांगतात. ओबोने धून वाजवायची आणि आपण हातात व्हायोलिन धरून ऐकत राहायचं, हे कसलं?

ओबोच्या जगात घराणी आहेत आणि ती चाकूतून चालतात. पॅरिसच्या कॉन्झर्वातोआरमध्ये जॉर्ज झिले शिकवत. आजच्या ओबोच्या चाव्यांची मांडणी त्यांच्याच सल्ल्याने लोरे या कारखान्यात १९०६ मध्ये पक्की झाली. त्यांचा विद्यार्थी मार्सेल ताब्युतो. तो १९१५ ते १९५४, एकोणचाळीस वर्षं, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या पहिल्या खुर्चीवर बसला आणि कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत राहिला. अमेरिकेतली ती लांब खरवडीची रीड आणि तिचा गडद, गोल आवाज त्याच्या वर्गातून देशभर पसरला. त्याच्या हाताखालचे दोन भाऊ, हॅरॉल्ड आणि राल्फ गॉमबर्ग, एक न्यूयॉर्कला आणि दुसरा बोस्टनला पहिला ओबो झाला. व्हिएन्नाने मात्र आपला वेगळाच ओबो जपला आहे, जुन्या जर्मन घडणीचा, वेगळ्या नळीचा आणि वेगळ्या बोटांचा. तिथल्या ऑर्केस्ट्रात जायचं तर वाद्यच बदलावं लागतं. मला हे हट्टीपण आवडतं. सगळीकडे सगळं सारखंच ऐकू यायला लागल्याच्या दिवसांत एखाद्या शहराचा ओबो कानांनी ओळखता येतो, ही चैनच म्हणायची.

पण ताब्युतोच्या एकोणचाळीस वर्षांकडे जरा दुसऱ्या बाजूने पाहा. एका खुर्चीवर एक माणूस एवढा काळ. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसेक असतात, ओबोवाले तीन किंवा चार. जागा निघते तेव्हा जगभरातून अर्ज येतात. ऑडिशनच्या पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी पडदा असतो. पलीकडे परीक्षक, अलीकडे तुम्ही आणि तुमचा क्रमांक. टाचांच्या आवाजावरून बाई की बुवा कळू नये म्हणून जमिनीवर गालिचा. बोलायचं नाही, काही विचारायचं असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात कुजबुजायचं.

वाजवायला ठरलेले तुकडे असतात. रावेलच्या 'तोंबो द कूपरँ'ची गर्रकन फिरणारी सुरुवात, रोसिनीच्या एका ओव्हर्चरमधल्या जिभेच्या कसरती, बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीतली शोकयात्रा, चायकोव्हस्कीच्या चौथीतलं साधं, उदास गाणं. त्याआधी मोत्सार्टचा कंचेर्तो. हा १७७७ चा. पुढच्याच वर्षी मोत्सार्टने तो बासरीसाठी फिरवून लिहिला आणि मूळ ओबोची प्रत हरवली ती थेट १९२० साली साल्झबुर्गला सापडली. त्यात एकल वादक प्रवेश करतो, झर्रकन वर चढतो आणि वरच्या सी वर चार आवर्तनं नुसता थांबतो. खाली ऑर्केस्ट्रा वाजत असतो, हा एकच स्वर धरून बसलेला. बोटांना काही काम नाही. परीक्षकांना जे कळायचं ते त्या चार आवर्तनांत कळतं: श्वास कसा आहे, रीड कशी आहे, माणूस घाबरला आहे का. पुढचं सगळं ते बहुधा शिष्टाचार म्हणून ऐकतात, असा माझा संशय आहे.

दुसऱ्या ओबोच्या ऑडिशनमध्ये आणखी एक फेरी असते. तीत पहिला ओबोवादक शेजारी येऊन बसतो आणि दोघांनी मिळून वाजवायचं असतं. माझं खरं काम तिथे पहिल्यांदा कळलं. ब्राम्सच्या हायडन व्हेरिएशन्स, १८७३ सालच्या. सुरुवातीलाच दोन ओबो आणि बासून हे खर्जातलं वाद्य मूळ धून मांडतात. वरची ओळ पहिल्याची, खालची माझी. आता सूर बघा. पियानोवर जुळवलेला शुद्ध गांधार, म्हणजे मेजर थर्ड, खऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर त्यातले १४. पियानोला ते चालतं. पण दोन ओबो एकत्र वाजताना ते १४ सेंट कानात कचकच करतात. म्हणून ज्याच्या वाट्याला गांधार, त्याने तो तेवढा उतरवायचा. पुढच्याच मात्रेला वाटणी बदलते आणि मी पंचम होते, मग तो जवळपास सरळ ठेवायचा. शिवाय शेजारच्याचा सूर आज हवामानामुळे किंचित चढा असेल तर माझं गणित त्याच्या सुरावरून. माझा सूर यंत्राप्रमाणे बरोबर आहे, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. त्याचा कंप संथ असेल तर माझा त्याहून कमी. तो थांबला की मी थांबायचं, तेही त्याच्या किंचित आधी, म्हणजे शेवटी एकच ओबो ऐकू येतो. हे सगळं नीट जमलं की समीक्षक दुसऱ्या दिवशी पहिल्या ओबोच्या भरदार आवाजाचं कौतुक लिहितात.

या बाबतीत मला जॉन डी लॅन्सी आठवतो. ताब्युतोचाच विद्यार्थी, युद्धाआधी पिट्सबर्गचा पहिला ओबो. १९४५ मध्ये तो अमेरिकी सैनिक म्हणून जर्मनीत होता आणि ऐंशी ओलांडलेल्या रिखार्ड स्ट्राउसच्या घरी त्याचं जाणं-येणं झालं. स्ट्राउसच्या रचनांमध्ये ओबोच्या इतक्या देखण्या ओळी आहेत, तर ओबोसाठी कंचेर्तो लिहायचा विचार कधी केला नाही का, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, नाही. विषय संपला. पण प्रश्न म्हाताऱ्याच्या डोक्यात राहिला असणार, कारण त्याच वर्षी कंचेर्तो तयार झाला. पहिल्यांदा तो १९४६ मध्ये झ्युरिखला वाजला, मार्सेल सायेच्या हातून. अमेरिकेतल्या पहिल्या प्रयोगाचा मान डी लॅन्सीला मिळावा अशी स्ट्राउसची इच्छा होती. पण तोवर डी लॅन्सी फिलाडेल्फियात लागला होता आणि पहिल्या खुर्चीवर त्याचे गुरू ताब्युतो बसलेले. पहिला ओबो हजर असताना त्याच्या हाताखालच्याने पुढे येऊन कंचेर्तो वाजवायचा, हे रीतीत बसत नव्हतं. प्रयोग दुसऱ्याच्या वाट्याला गेला. डी लॅन्सी १९५४ मध्ये ताब्युतोच्या जागी आला, मोठं नाव झालं त्याचं, आणि त्या कंचेर्तोचं ध्वनिमुद्रण त्याने केलं १९८७ मध्ये, ऑर्केस्ट्रा सोडल्यानंतर. ते ध्वनिमुद्रण ऐकताना लोक हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. ज्याने प्रश्न विचारला नसता तर ती रचना झालीच नसती, त्याला ती वाजवायला मिळाली नाही म्हणून त्याचा वाटा कमी होतो का? माझ्या खुर्चीवरून तरी तसं दिसत नाही.

दुसऱ्या खुर्चीला कधीकधी कोर आंग्लेही सांभाळावा लागतो. ओबोचा हा थोरला भाऊ पाच सूर खालून बोलतो. द्वोर्झाकच्या १८९३ सालच्या नवव्या सिंफनीतली, जगाला पाठ असलेली ती संथ धून त्याचीच. मूळ लेखनात ती दुसऱ्या ओबोवाल्याने वाद्य बदलून वाजवायची आहे. म्हणजे गार पडलेलं वाद्य उचलायचं, वेगळी रीड तोंडात धरायची आणि सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं असताना सुरुवात करायची. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळा वादक ठेवतात. देव त्यांचं भलं करो.

शरीराचं काय होतं, हेही सांगायला हवं. ओबोचं वजन पाऊण किलोच्या आत, पण तेवढं सगळं उजव्या अंगठ्यावर येतं, वर्षानुवर्षं. लाकडाचं स्वतःचं दुखणं वेगळं. गार नळीत गरम श्वास गेला की ते तडकू शकतं, म्हणून नवीन ओबोला पहिले काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवून सवय लावतात. वरच्या बारीक भोकांत पाणी साचून ऐन वेळी स्वर बुडबुडायला लागतो. त्याला औषध म्हणजे सिगारेटचा पातळ कागद. चावीखाली धरायचा, पाणी टिपून घ्यायचं. सिगारेट न ओढणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या पेटीत तो कागद असतो आणि सामान तपासणाऱ्यांना ते दर वेळी समजावून सांगावं लागतं.

आणि ओठ. इंग्लंडचे लिऑन गूसन्स यांना १९६२ मध्ये मोटार अपघातात ओठ आणि दातांना जबर इजा झाली. वय पासष्टीचं. व्हॉन विल्यम्सने ज्यांच्यासाठी कंचेर्तो लिहिला तो हा माणूस. दुसरा कोणी असता तर आठवणी लिहायला बसला असता. गूसन्सनी ओठांची ठेवण नव्याने शिकून घेतली आणि परत व्यासपीठावर आले. मला त्यांच्या जिद्दीपेक्षा एका बारीक गोष्टीचं नवल वाटतं. ओठ बदलले म्हणजे रीड्सही बदलल्या असणार. आयुष्यभर हातात बसलेली खरवड सोडून, त्या वयात, पुन्हा ढिगाने केन वाया घालवत बसायचं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, यात पोट भरतं का. खरं उत्तर असं की ऑर्केस्ट्रातली पक्की जागा थोड्यांना मिळते. बाकीचे शिकवतात, कार्यक्रमागणिक वाजवतात, दुसऱ्यांसाठी रीड्स करतात, बहुतेक जण हे तिन्ही करतात. ते ऐकूनही पोरगी मागे हटली नाही तर मी तिला ओबो बाजूला ठेवायला सांगते आणि चाकू, दोरा, केन देऊन तासभर बसवते. वाजवणं सगळ्यांनाच आवडतं. त्या तासात जिला घड्याळ बघावंसं वाटत नाही तिच्याशी पुढचं बोलते. जिला वाटतं तिला बासरी सुचवते. सुंदर वाद्य आहे, रीड लागत नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे पुन्हा ब्राम्स आहे, त्याच व्हेरिएशन्स. डब्यातल्या रीड्स आज सकाळी वाजवून पाहिल्या. एक वरच्या सुरांत अगदीच लेचीपेची निघाली. शेजारच्या पहिल्या ओबोला दाखवली तर तो म्हणाला, टाकून दे. तळाचा बी-फ्लॅट मात्र ती पहिल्याच फुंकेला देते, हवा तेवढा हळू. तिच्यावर मी नाव घालून ठेवलंय.